सहाव्या महिन्यात दात साफ केले म्हणून

केज, १४ फेब्रुवारी १९९९

ति. कावेरीताईस शिवगंगाचा शरणार्थ. भावजींचा गुडघा आणि म्हशीचं दूध, दोन्ही आता सुरळीत चालू असतील असं धरून चालते.

माझ्याबद्दल शिरूरपर्यंत जे काही पोचलं असेल ते सगळं खरं आहे. मी सासूबाईंशी खोटं बोलले, सहाव्या महिन्यात बीडला जाऊन दातांच्या डॉक्टरणीपुढे तोंड उघडलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाईन.

दिवस गेल्यापासून हिरड्या सुजून लाल झाल्या होत्या. भाकरीचा घास चावला तरी त्याला रक्त. सासूबाई (म्हणजे साखराबाई, अख्ख्या गल्लीच्या बिनपगारी वैद्य) म्हणाल्या, "पोटुशीच्या हिरड्यातनं रगत येतंच. मिसरी लाव." मिसरी म्हणजे जाळलेली तंबाखू. पहिल्या खेपेला मी ती दोन्ही वेळ लावली होती, अगदी आज्ञाधारकपणे. ते बाळ सातव्यात आलं आणि त्यानं दुसरा दिवस पाहिला नाही. तुला काय सांगायचं, तूच त्याला दुपट्यात गुंडाळलं होतंस. तेव्हापासून माझा आज्ञाधारकपणा संपला.

कंकालेश्वराच्या दर्शनाला जातो असं सांगून आम्ही दोघं एसटीत बसलो. (दर्शन खरंच घेतलं, त्यामुळे खोटं निम्मंच.) आमचे वीरेशराव दुकानात गिऱ्हाइकापुढे पन्नास साड्या उलगडतील, पण आईपुढे एक शब्द नाही, तरी आले. डॉक्टरीण माझ्याच वयाची. तिने आधी पहिल्या बाळाचं विचारलं. मग म्हणाली, हिरड्यांचं दुखणं आणि वेळेआधीचं बाळंतपण यांचा संबंध असावा असं अलीकडे परदेशातले डॉक्टर म्हणू लागलेत. पक्कं कोणी सांगत नाही, पण गरोदर बाईच्या हिरड्यांवर इलाज करायला काही हरकत नसते. मी खुर्चीत बसले. मशीन सुरू झाली आणि चक्कर वीरेशरावांना आली. कंपाउंडर त्यांना वारा घालत बसला, बाकावरच्या बाया मला विचारत होत्या, पेशंट नेमका कोण?

घरी पोचल्यावर त्यांनी पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं. सासूबाई कडाडल्या, "कशापायी गेलतीस? पोराला हादरा बसला म्हंजी?"

मी म्हटलं, "मागच्या टायमाला कुठंच गेलते न्हाई मी. तरी पोर गेलंच की."

त्या उठून आत निघून गेल्या. मी मनातून घाबरले, पण माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुळण्यांसाठी मिठाचं कोमट पाणी तांब्यात भरून ठेवलेलं होतं. कोणी ठेवलं ते त्या बोलल्या नाहीत, मी विचारलं नाही.

सातवा गेला, आठवा गेला. काल नऊ महिने नऊ दिवस भरले आणि पोर हलायला तयार नाही. आता सासूबाई गल्लीभर सांगतात, "त्या बाईनं दात घट्ट केले, त्याच्यासंगं पोर बी घट्ट बसलं." सांगू देत. मी सगळे दात दाखवून हसते.

तुझी,
शिवगंगा

ता. क. सासूबाईंची दाढ लई ठणकते. माझ्यासोबत दाखवायला जाणं त्यांना कमीपणाचं वाटतं, म्हणून तुला बोलवायला सांगितलंय.

ता. क. २. दाढ थांबेल. पत्र घेऊन आलेल्या सटवाची जीप उद्याच परत फिरते, तीत बस. वर तोऱ्यात लिहिलंय खरं, पण बाळ रडलेलं ऐकेपर्यंत मला तुझा हात धरून ठेवायचाय.