घाईघाईनं रडणारी बाई

श्रीनाथदादा,

आई आणि मी आरतीच्या घरी सिनेमा बघायला चाललोय. काल तू दाखवलास तोच. व्हय, परत. कारण आम्ही तो अजून बघितलाच नाही.

पुरस्कार जाहीर व्हायच्या आत सगळे गाजलेले सिनेमे संपवायचे म्हणून तू ते दीडपट वेगानं पळवून राहिलास. कालची ती म्हातारी नवऱ्याला माती देऊन घरी आली, ती बस पकडायला पळाल्यासारखी. आई साधंच म्हणाली, "ही बाई एवढ्या घाईघाईनं कशाला रडायली रे?" तर तू हसलास. "आई, हे वेगळे सिनेमे असतेत, तुला न्हाई कळायचे." वर मित्राला फोनवर काय सांगितलंस? "काय संथ लय पकडलीय दिग्दर्शकानं!" शाबास, पंडित!

आई उठून आत गेली आणि भांडी घासत बसली. घासलेलीच. तुला दिसलं नाही, तू पुढचा सिनेमा लावत होतास.

आज ती यायलाच तयार नव्हती. "मला कुठं कळतंय त्यातलं," म्हणाली. तुझं वाक्य तिच्या तोंडी ऐकून लई राग आला. शेवटी मी इस्त्रीची साडी पलंगावर काढून ठेवली, तेव्हा नेसली.

सिनेमा अडीच तासांचा आहे. आम्ही अडीच तासच बघणार. वरण झाकून ठेवलंय, भात तू लाव. तीन शिट्ट्या होईपर्यंत कुकरजवळ उभा राहा. तो पळवता येत नाही.

शिवकन्या