जाड की बारीक

रंजनी,

कामगाराचे हक्क कुणीही हिरावून घेऊ शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. पण सकाळीच प्राचार्यांचा फोन आला आणि रविवार असूनही मी कॉलेजला निघालोय. तू रात्री उशिरापर्यंत वाचत होतीस, म्हणून उठवलं नाही.

ग्रंथालयासाठी एकच पुस्तक घ्यायचंय, ते त्यांना आजच ठरवून हवंय: कामगारांच्या हक्कांवरचं जाड, की नोकरीतल्या विषमतेवरचं बारीक. विक्रेत्यानं दोन्ही बघायला दिलीत, पण मला काही ठरवता येईना. परवा तुला विचारलं तर म्हणालीस, “ज्याच्यात नवऱ्यानं रविवारी घरी बसावं असं लिहिलंय, ते घ्या की.” तसं दोन्हींत नाही. मी शोधलं.

आज तुझी टीईटी आहे आणि सोनूला मी सांभाळणार होतो, हे विसरलो नाही. फोनवर ओठापर्यंत आलंही होतं. पण माझ्यासारख्या तासिकेवरच्या प्राध्यापकाची नेमणूक दर जूनला नव्यानं होते, त्यामुळं तोंडातून “हो सर” एवढंच निघालं. मागच्या खेपेला तुझी परीक्षा अशीच हुकली. या खेपेला सोनूला मी सोबत नेतोय. प्राचार्यांच्या केबिनमध्ये रडली तर रडू दे.

गाडी तुझ्यासाठी ठेवलीय, चावी हॉलतिकिटावरच आहे. आम्ही फाट्यावरून बस धरतो. उपाशी जाऊ नको.

पुस्तकाचं ठरलं. सोनूनं हक्कांवर दूध सांडलंय, विक्रेता आता ते परत घेणार नाही.

शिवमूर्ती