समोरचं चाक

३ जून
पोचलो एकदाचे! गॅरेज छोटं, पण वरच्या दोन खोल्या हवेशीर. बायकोने आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि मला खाली पिटाळलं. पहिलंच काम माझ्या आवडीचं निघालं: डोंगरात फिरायची एटीव्ही. फोर व्हील लागत नाही, म्हणजे चारही चाकांना जोर मिळत नाही. स्विच दाबला की दिवा लागतो, पुढची चाकं मात्र ढिम्म. गॅरेजचा मालक म्हणाला, आधीचा मिस्त्री हिच्यापायी न सांगता निघून गेला. मी मनात म्हटलं, कच्चा असणार.

४ जून
फ्यूज चांगला, वायरिंग शाबूत. पुढची बाजू जॅकवर घेतली. ही तपासणी आम्ही दोघे भाऊ मिळून करायचो: दादा पलीकडे बसून समोरचं चाक धरायचा, मी माझ्याकडचं फिरवून बघायचो. सवयीने तोंडातून ‘धर’ निघून गेलं. समोर कोणीच नव्हतं, तरी माझ्या हातातलं चाक जड झालं. ‘सोड’ म्हटलं, हलकं झालं.
कुठेतरी अडकत असेल. उद्या पुढची चाकं जोडणारी मोटर उघडतो.

५ जून
मोटर साफ केली, तरी तेच. बायकोला मागे बसवून चढावर नेली. मागची चाकं चिखलात जागच्या जागी फिरायला लागली. गंमत म्हणून ‘धर’ ओरडलो. पुढच्या चाकांनी गाडी ओढून वर नेली. बायको म्हणाली, चला, घरात नाही तर नाही, गाडी तरी तुमचं ऐकते! खूप हसलो दोघं.
धुताना समोरच्या चाकावर ग्रीसमध्ये उमटलेली बोटं दिसली. माझी इतकी लांब नाहीत.

६ जून
मालकाला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. चढावरून आल्यावर ‘सोड’ म्हणालास का, एवढंच विचारलं.
नाही म्हणालो. हसण्याच्या नादात विसरलो.
म्हणाला, आधीचा मिस्त्रीही असाच विसरला होता. विसरलं की पाळी उलटते. मग सांगणारा तो आणि धरणारा आपण.
मला भीती वाटते आहे. सामान बांधतोय.

७ जून
निघालोच होतो. जिन्यात बायकोचा हात धरला, उतरताना. खालून आवाज आला — ‘धर.’
मूठ उघडत नाही. माझीच मूठ. तिचं मनगट — आवळत चाललंय —
ती सोडा म्हणते, रडते. मीही म्हणतोय, सोड, सोड — आमचं चालत नाही —

डाव्या हाताने लिहितोय. कोणी आलं तर मालकाला — तिची बोटं काळी पडली. ओरडायची थांबली.
खाली तो हसतोय. दोघं हसत होतो तसं —
त्याला कोणीतरी आठवण करून द्या, ‘सो