हेडावर घातलेलं नाव

बेलवली, बदलापूर (पश्चिम)
मंगळवार, दुपार

श्रीयुत दिनानाथराव यांना धाकट्या साडूचा, म्हणजे हरिचंद्रचा, दोन्ही हात जोडून नमस्कार.

पाकीट हातात पडल्यावर आधी त्याची मागची कड पाहावी. डिंक लावून वर मी पेनाने तीन आडव्या रेघा मारल्या आहेत. रेघा जुळत नसतील तर पत्र कोणीतरी वाचून पुन्हा चिकटवलं आहे असं समजावं आणि मला कळवावं. (फोनवर नको. आमचा फोन भागीरथी उचलते.) तुमचा गुडघा कसा आहे? माईंचा खोकला? इराच्या लग्नाची खरेदी उरकत आली असेल. सोनं घेताना सोनाराला काटा तुमच्या डोळ्यांसमोर शून्यावर आणायला लावा. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे माझी झोप गेली आहे आणि भागीरथीला शांत झोप लागते.

तुम्ही रविवारी गाडी न्यायला येणार आणि इरा आजोबांच्या अँबॅसिडरमधून मांडवात उतरणार, हे सगळ्या नातेवाइकांना कळलं आहे. नऊ वर्षांपूर्वी मुलाकडे नाशिकला राहायला जाताना तुम्ही चावी माझ्या हातावर ठेवलीत आणि म्हणालात, ‘हरिचंद्र, तुझ्याइतकं जपणारं आपल्यात कोणी नाही.’ ते वाक्य मी विसरलेलो नाही, म्हणूनच लिहायला हात उचलत नाही. गाडी सुरू होत नाही. इंजिनाचं हेड गंजलं आहे. (हेड म्हणजे इंजिनावर बसणारं बिडाचं जाड झाकण. मलाही हे आत्ताच कळलं.) गंज कोणामुळे लागला याचा तपास मी करतो आहे. शेडचे पत्रे बसवणारा एक, शेजारची बाई गॅलरी धुते ती दुसरी. मध्यंतरी तुमच्यावरही संशय आला होता, की गाडी देतानाच आतून ओलसर होती की काय, पण तो मी सध्या बाजूला ठेवला आहे.

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये मुकेश म्हणून जुन्या गाड्यांचा मिस्त्री आहे. सिंधी आहे, वय चाळिशीचं, बोलायला गोड. (तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.) तो घरी आला, हेड खोललं, बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘काका, पाण्याच्या भोकांपाशी खड्डे पडलेत. घासून वाचलं तर वाचलं, नाही तर भंगारातून दुसरं हेड बघू. अभी मैं स्कूटरपे ले जाता हूँ.’ आता सांगा, दिनानाथराव. एकतीस वर्षं मी अंबरनाथच्या कारखान्याच्या गेटवर बाहेर जाणाऱ्या माणसांचे डबे उघडून पाहिले आहेत. मॅनेजरसाहेबांचासुद्धा. वस्तू गेटबाहेर जाताना तिच्यावर खूण हवी, एवढं शिक्षण मला नोकरीने दिलं, बाकीचं सातवीपर्यंत. ‘दुसरं हेड बघू’ म्हटल्याबरोबर मी ओळखलं, की ह्याला आपलं अस्सल हेड हवं आहे. मी म्हटलं, मीच आणून देतो उद्या.

दुसऱ्या दिवशी हेड जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षात घातलं आणि रिक्षा आधी स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानापाशी थांबवली. तिथे एक चांगला साठीचा गृहस्थ बसतो, हातात मशीन घेऊन भांड्यांवर नाव घालतो. मी चादर सोडली. त्याने चष्मा वर केला. ‘काका, ह्यात काय शिजवता?’ मी म्हटलं, तू नाव घाल, चौकशा नकोत. वरच्या बाजूला गंजामुळे सुई उड्या मारायला लागली, म्हणून त्याने हेड उलटं केलं आणि खालची सपाट बाजू पसंत केली. नाव कोणाचं, तर मी तुमचं सांगितलं, कारण गाडी तुमची. पण ह्या लोकांचा हात सवयीने चालतो. मी रिक्षावाल्यावर लक्ष ठेवून होतो (तो मीटरकडे फार वेळ बघत होता), तोवर ह्याने लिहून टाकलं, ‘श्री. दिनानाथ यांजकडून सप्रेम भेट’. खाली तारीखही घातली. खोडायची कशी? अक्षर मात्र सुरेख होतं. तसंच नेऊन मुकेशला दिलं आणि खुणेबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्याने हेड उलटं केलं, वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोही काही बोलला नाही. चोराची ही लक्षणं मी पुष्कळ पाहिली आहेत.

काल मी न सांगता त्याच्या गॅरेजवर गेलो. हेड टेबलावर होतं, नव्या ताटासारखं लखलखत. मी उलटं करून पाहिलं. नाव नाही! तारीख नाही! सप्रेम भेटही नाही! चार गिऱ्हाइकांसमोर मी विचारलं, माझं हेड कुठे आहे? तो म्हणाला, ‘साईं, यही तो है! मशीनवर फेस मारला ना, म्हणजे खालची बाजू घासून सपाट केली, नाव घिसाईमध्ये गेलं.’ असं कधी होतं का? आमच्या लग्नातल्या घंगाळावर मामांचं नाव आहे, भागीरथी ते सेहेचाळीस वर्षं चिंचेने घासते आहे, नावाचा काना हललेला नाही. आणि ह्याच्या एका घासणीत अख्खं वाक्य गेलं? हे मी त्याला तिथेच ऐकवलं. चोर म्हणालो. बनेलही म्हणालो. गिऱ्हाइकं हसली, मुकेश हसला नाही. त्याने कपड्याने हात पुसले आणि म्हणाला, ‘काका, आपका हेड, आपकी गाडी. घेऊन जावा. मी बसवणार नाही.’ हेड मी घेतलं नाही, कारण चोरीचा माल आपल्या घरात कशाला?

तेव्हा रविवारी येऊ नये. इराला दुसरी गाडी पाहावी. तुमचं अस्सल हेड मी कुठूनही शोधून काढीन, पण माझ्या जपण्यावर तुम्ही शंका घेऊ नये, एवढंच मागणं. माईंना नमस्कार.

तुमचा,
हरिचंद्र

ता. क. (बुधवार) : पाकीट बंद करायचं राहिलं होतं ते बरंच झालं. भागीरथीने काल चोर हा शब्द कोणाला म्हणालात असं विचारलं आणि आज मला पुढे घालून कॅम्प एकला नेलं. मुकेशने तिला फोनमध्ये फोटो दाखवला. सप्रेम भेट वाचून त्याला इतकी गंमत वाटली होती, की घासायच्या आधी त्याने फोटो काढून आपल्या बायकोला पाठवला होता. हेडाच्या कडेला कारखान्यात ओतलेला नंबर असतो, गंजाखाली तो मला दिसला नव्हता. फोटोतला नंबर आणि टेबलावरच्या हेडाचा नंबर मी ताडून पाहिला. दोनदा. (तिसऱ्यांदा भागीरथीने पाहू दिला नाही.) शिवाय त्या बाजूवर नाव राहिलं असतं तर अक्षराअक्षरातून पाणी इंजिनात उतरलं असतं म्हणे. हेड आपलंच आहे. मी मुकेशची माफी मागितली, जरा हळू आवाजात. त्याने ती मोठ्याने मागायला लावली, गिऱ्हाइकं होती तेवढी सगळी गप्प करून. मग चहा मागवला. गाडी शनिवारपर्यंत जोडून होईल, तेव्हा रविवारी यावं.

ता. क. २ : गंजाचा तपास पूर्ण झाला. गाडी कोणी पळवू नये म्हणून मी पहिल्याच वर्षी तिचे चारही स्पार्क प्लग काढून ठेवले होते. ती चार भोकं नऊ वर्षं उघडी, वरून शेडचं गळणारं पाणी. मुकेश भागीरथीला म्हणाला, ‘काकी, पहिल्या दिवशीच समजलं होतं. बोललो नाही, काका को बुरा लगता.’ पत्रेवाला आणि शेजारीण यांची नावं मी मागे घेतो. तुमचंही. एवढं मात्र खरं, की नऊ वर्षांत गाडी चोरीला गेली नाही.

ता. क. ३ : पत्र लिहिण्याचं खरं कारण असं की ते चार प्लग मी इतके नीट लपवले आहेत की सापडत नाहीत. येताना नवे आणावेत. डबी दुकानातच उघडून पाहावी. आणि ता. क. २ माईंना वाचून दाखवू नये.

ता. क. ४ : जेवताना भागीरथीने सांगितलं, की कॅम्पातून परत आल्याबरोबर तिने माईंना फोन करून प्लगांसकट सगळं सांगितलं, तुम्ही शेजारीच बसला होता, आणि खूप हसून झाल्यावर म्हणालात, लग्न झालं की गाडी पुन्हा हरिचंद्रकडेच ठेवायची. दिनानाथराव, इतकं सगळं ऐकूनही गाडी माझ्याकडेच? दुपारपासून विचार करतो आहे. यात तुमचा नेमका काय डाव आहे ते उलट टपाली कळवावं. शेडचे पत्रे मी उद्याच बदलून घेतो.