पोटातलं विणकाम

मांडवगण फराटा,
३ डिसेंबर १९९६

चि. भिमाजी भावजी यांस वहिनीचा आशीर्वाद. वि. वि.

ही अक्षरं तुम्हीच शिकवली हायेत, वाकडी निघाली तर दोष मास्तरांचा. सगळी खुशाल हाय असं लिहिणार होते, पण हात धजंना. तुमच्या आप्पांच्या पोटात, बेंबीच्या डाव्या अंगाला धडधडतंय. हात ठेवला की टोला बसतो. गल्ली म्हणाली बेंबी सरली. अनसाबाई सुईणीनं येऊन तेल लावून चोळलं, दोनदा. धडधड थांबंना, तवा सूनबाई सविता त्यांना दौंडला घेऊन गेली. फोटोत दिसलं की पोटातली रक्ताची मोठी नळी फुगलीय. डॉक्टर म्हणाले पुण्याला न्या, ऑपरेशन लागंल. हे म्हणतात, दुखत न्हाई, खुपत न्हाई, चरत्या मेंढराचं पोट कुणी फाडून बघतं का? आन् बसले मागावर घोंगडं विणत. अनसाबाई येत्या सोमवारी परत येणार हाय. काय करू, ते शिकल्यासवरल्या माणसानं कळवावं.

तुमच्या पत्राची वाट बघणारी,
गिताबाई

राहू, ता. दौंड,
६ डिसेंबर १९९६

ती. सौ. वहिनींच्या सेवेशी भिमाजीचा शि. सा. न. वि. वि.

पुढचं वाक्य उभ्यानं वाचा आणि घरात सगळ्यांना ऐकवा. आप्पाच्या पोटाला कोणाचाही हात लागता कामा नये!

काळजातून निघालेली ही नळी छातीतून कण्याला लागून पोटात उतरते आणि तिथून दोन्ही पायांना रक्त वाटते. तिला महाधमनी म्हणतात. आप्पाच्या नळीची भिंत एका जागी झिजली आहे. झिजल्या जागी सायकलच्या ट्यूबला फुगा यावा तसा फुगा आला आहे. तो फुटला तर माणूस शिरूरच्या दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचत नाही. दुखत नाही हीच त्याची लबाडी. आणि त्या फुग्यावर आपण तेल लावून अंगठे दाबतो आहोत!

अनसाबाईवर माझा राग नाही. अर्ध्या गल्लीला त्या माउलीनं जगात आणलं. राग आहे तो पोटातल्या प्रत्येक दुखण्याला बेंबी म्हणणाऱ्या आपल्या आळसावर. गावोगावच्या चावड्यांवर मी याच विरुद्ध घसा फोडला, आणि माझ्याच भावाच्या घरी तेलाची वाटी? रविवारी येतो. आप्पाची बिडी बंद, रक्तदाबाची गोळी चालू, आणि जड काही उचलायचं नाही.

आपला तापट पण आज्ञाधारक दीर,
भिमाजी

मांडवगण फराटा,
१४ डिसेंबर १९९६

चि. भावजींस अनेक आशीर्वाद.

तुम्ही आलात, तासभर बोललात, गल्ली गोळा झाली, टाळ्या पडल्या. तुम्ही एस्टीत बसल्यावर हे म्हणाले, भिमा झकास बोलला. आन् परत मागावर.

तुमचं एक मात्र मी धरून ठेवलं. अनसाबाई आली तवा मी उंबऱ्यावरच बसले होते. म्हणाले, मावशी, आज चहा प्या, तेल न्हाई. ती रुसली. मी उठले न्हाई.

मग मी माझ्या रीतीनं केलं. चिंचोक्याची खळ शिजवून सुताला लावायचं काम माझं, ते मी थांबवलं. खळीबिगर सूत फुसफुशीत, ताणायला घेतलं की तुटतंय. हे चार दिवस तुटकी सुतं जोडत बसले, मग म्हणाले, बरं, डॉक्टर काय म्हणतो ते नुसतं ऐकून येतो. नुसतं ऐकून, बरं का. शेळ्या व्यायला झाल्यात म्हणून मला हलता येत न्हाई. तुम्ही आन् सविता जा. आन् भावजी, तिथं भाषण नको.

तुमच्या भरवशावर माणूस धाडणारी,
गिताबाई

पुणे,
२८ डिसेंबर १९९६

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

ऑपरेशन झालं. आप्पा शुद्धीवर आहे, दोन्ही पाय गरम आहेत, म्हणजे रक्त खाली पोचतं आहे, आणि मघाशी त्यानं नर्सकडे बिडी मागितली. आता निवांत बसून वाचा.

मी भाषण केलं नाही. डॉक्टरांनीही केलं नाही. आप्पा काय काम करतो एवढं विचारलं आणि कपाटातून पांढऱ्या कापडाची एक नळी काढून त्याच्या हातात दिली. फुग्याच्या जागी हीच आत शिवायची होती. आप्पानं ती ताणली, खिडकीच्या उजेडात धरली, बोटानं वीण चाचपली. मग म्हणाला, वीण बारीक हाय, पण ह्यातून रक्त झिरपंल. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, बरोबर बोललात, म्हणून शिवायच्या आधी ही तुमच्याच रक्तात भिजवतो. ते रक्त विणीत गोठतं आणि भोकं बुजतात.

आप्पा बराच वेळ नळी कुरवाळत बसला. मग म्हणाला, “म्हंजी खळ माझ्याच रक्ताची. मग चालंल.”

आणि ऑपरेशनच्या कागदावर अंगठा उठवला.

वहिनी, मी सभा जिंकल्या आहेत, पण असा माणूस जिंकलेला पाहिला नाही. मोठ्या विद्येनं घोंगडं विणणाऱ्याशी त्याच्या सुताच्या भाषेत बोलावं, आणि त्यानं चाचपून, विचारून, मगच आपलं पोट तिच्या हवाली करावं! मी दोघांनाही मनातून दंडवत घातला. तुम्हाला तिसरा. खळ तुम्ही थांबवली नसती तर आप्पानं उंबरा ओलांडला नसता. सख्ख्या भावंडांनीही पोट तपासून घ्यावं असं डॉक्टर म्हणाले, ते सवडीनं बघू. शेळ्यांना किती करडं झाली?

आनंदानं झोप उडालेला,
भिमाजी

मांडवगण फराटा,
२ जानेवारी १९९७

चि. भावजींस आशीर्वाद.

तुमचं पत्र देव्हाऱ्यात ठेवलंय. अनसाबाईला वाचून दाखवलं. ती रडली आन् म्हणाली, असा टोला हाताला लागला तर आता मीच दौंडचा रस्ता दाखवीन. करडं पाच.

पण एका ओळीवरून तुम्ही फार घाईनं पुढं गेलात. सख्खे भाऊ तुम्ही, आन् भाषणाआधी एक, भाषणानंतर दोन बिड्या तुमच्याही असतात. सभेत खांद्यावर टाकायला तुम्ही मागितलेलं घोंगडं मागावर निम्मं झालंय. तुम्ही दौंडला जाऊन येईस्तवर त्याला खळ मिळणार न्हाई.

माया तशीच ठेवून, खळ राखून,
गिताबाई

राहू,
१९ जानेवारी १९९७

ती. सौ. वहिनींस शि. सा. न. वि. वि.

जाऊन आलो. पोटावर गार मलम लावलं आणि डॉक्टर म्हणाले, श्वास धरा, बोलू नका. दोन्ही पाळलं. चरत्या मेंढराचा विनोद आप्पानं भीतीपायी केला होता, हे त्या टेबलावर पडल्यावर मला कळलं.

माझीही नळी फुगू लागली आहे. थोडीच. आता कापायचं नाही, पण गोळी रोज, बिडी कायमची बंद, आणि दरसाल फोटो. फुगा वाढला तर आप्पाच्या वाटेनं जायचं. तेव्हा घोंगडं पुरं करा.

एक मागणं आहे. पुढच्या फोटोला तुम्ही सोबत या. समजूत घालू नका, काही बोलू नका. उंबऱ्यावर बसला होतात ना, तशा, मी आत असेन तोवर, माझ्या दाराशी बसा.

आपला,
भिमा