उसने पंजे

सौ. ताईस,
साष्टांग नमस्कार, गुडघा वाकेल तेवढा.

आधी गंभीर तक्रार: जपानीच्या वर्गातल्या खुर्च्या बालवाडीच्या आणि माझं पोट पन्नाशीचं.

उद्या तोंडी परीक्षा. अडखळलो तर इथला जपानी कारखाना मला घरी, भारतात पाठवील. तू काळजी करू नकोस, मी करतोय तेवढी पुरे. आईचा खोकला कसा आहे? खरं लिही. औषध चालू ठेवा, पगार थांबणार नाही.

कामाने बेजार झालेला जपानी माणूस मांजराचे पंजेसुद्धा उसने घ्यायला निघतो म्हणे. असले वाक्प्रचार शेजारच्या खुर्चीवरची, आपल्याकडूनच इथे आलेली नर्सबाई माझ्याकडून रोज घोकून घेते. "काका, पुन्हा चुकलात! घरी जायची घाई झालीय का?"

तिच्या सायकलची साखळी सारखी निसटते. ती वर्गात आहे तोवर गुपचूप बसवून, तेल घालून आलो. उसने पंजे परत केले.

तुझा,
धाकटा