चौथ्या दिवशी

चंदीगड,
६ मार्च २०२५

सौ. शैलजावन्सं यांना,
सप्रेम न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तुमच्या दादांचं सगळं काल चौथ्या दिवशी उरकलं. इकडे तशीच रीत आहे, असं मनीमाजऱ्याचे पंडितजी म्हणाले. निखिल आजपासून मोहालीला कामावर जायला लागला. आता दहाव्यासाठी एवढा प्रवास करू नका. गुडघे सांभाळा.

लोभ आहेच.
तुमची वहिनी,
सुलोचना


मिरज,
१० मार्च

ती. वहिनींना,
शि. सा. न.

पत्र काल पोचलं. भरलेली बॅग रिकामी केली. उद्या दहावा.

दादाचा निखिल तिकडे वाढला, त्याला दहावा-तेरावा ठाऊक नाही, हे समजू शकते. पण तुम्ही? बाबांच्या तेराव्याला पानं तासभर उशिरा मांडली म्हणून मला झापलं होतंत. तुम्ही विसरलात म्हटल्यावर दादाने आधी तुम्हालाच डॉक्टरकडे नेलं असतं.

मी येऊ नये असं का वाटलं, तेवढं लिहा.

रागावलेली, तरी तुमचीच,
शैलजा


चंदीगड,
१४ मार्च

वन्सं,

पंडितजींनी चौथ्याचं काढलं तेव्हा निखिलने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. विसरले नव्हते.

मी येईपर्यंत दादाला राहू दे, असा तुमचा निरोप आला होता. त्याच सकाळी डॉक्टर म्हणाले होते, की आता श्वास यंत्राचाच आहे, ठेवलं तर आठवडाभर चालेल. यांनी मला आधीच बजावलं होतं, की असं ताटकळत ठेवायचं नाही. मी सही केली. तुम्ही चार दिवसांनी पोचणार होतात. चार दिवस ठेवता आलं असतं.

दहाव्याला तुम्ही हे विचारलं असतंत. म्हणून दिवसच कमी केले.

लोभ मागायला आता संकोच वाटतो.

सुलोचना


मिरज,
१८ मार्च

ती. वहिनींना,
शि. सा. न.

पत्र दोनदा वाचलं. चार दिवस फार नव्हते. हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमचे हे म्हणतात, जाऊ नकोस. मी शुक्रवारी निघते. रविवारी निखिलला स्टेशनवर पाठवा. त्याच्यापाशी मी काही काढणार नाही.

यंत्र काढलं तेव्हा दादाचा हात कुणाच्या हातात होता, एवढं मला हवं आहे. पत्रात लिहू नका. मी आल्यावर सांगा. सावकाश, काही न गाळता.

तोवर वेळेवर जेवत जा.

शैलजा